‘घरचा’ सामना आणि ‘परगावचा’ सामना : मावळाच्या वाटेवरील एक अर्थविचार

दिनांक १८ सप्टेंबर २०२३ रोजी पुण्यातील बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात आशियाई चँपियन्स लीग स्पर्धेतील एक फुटबॉल सामना झाला. मुंबई सिटी एफ. सी. आणि इराणमधील नस्साजी माझंदरान हे दोन संघ परस्परांविरुद्ध खेळले व इराणी संघाने २–० असा विजय मिळविला. स्पर्धेच्या वेळापत्रकात हा सामना मुंबईच्या संघाचा ‘घरचा’ सामना म्हणून नोंदविलेला होता. परंतु तो पाहावयास निघालेल्या मुंबईकर पाठीराख्यास बोरघाट चढून, लोणावळा ओलांडून, संपूर्ण मावळ पार करून जावे लागले. संघ घरी होता. त्याचा पाठीराखा मात्र परगावी होता. ‘घरचा’ या साध्या शब्दाच्या पोटी येथे दोन निराळे अर्थ नांदत असल्याचे दिसून येते. त्यांचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम या परिभाषेचा उगम पाहणे इष्ट होईल. १८८८ मध्ये इंग्लंडात बारा संघांची फुटबॉल लीग स्थापन झाली. प्रत्येक संघाने इतर प्रत्येक संघाशी दोनदा खेळावे, एकदा आपल्या मैदानावर व एकदा प्रतिपक्षाच्या, अशी तिची योजना होती. मैदानाचा परिचय, प्रवासाचा शीण आणि प्रेक्षकांचा कल यांमुळे यजमानास जो लाभ होतो त्याची भरपाई व्हावी, हा या योजनेतील न्याय होय. येथे ‘घर’ हा शब्द वास्तव्य दर्शवीत नाही. तो दोन पक्षांमधील एक संबंध दर्शवितो. इटलीतील मिलान शहराचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील दोन प्रसिद्ध संघ सान सिरो या एकाच मैदानावर दीर्घकाळ खेळत आले आहेत. त्यांची परस्परांत गाठ पडते तेव्हा मैदान तेच, गाव तेच. तरीही एकदा एक संघ यजमान ठरतो आणि दुसऱ्यांदा दुसरा. नियमातील ‘घर’ हे अशा रीतीने नेमून दिलेले घर असते.

मराठीत या जोडीसाठी एकच एक प्रतिशब्द रूढ झालेला नाही. ‘घरच्या मैदानावर’ हा प्रयोग स्थिरावला आहे. परंतु त्याच्या विरुद्ध बाजूस कधी ‘परक्या मैदानावर’, कधी ‘प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर’, तर कधी ‘बाहेरचा सामना’ असे म्हटले जाते. हे प्रयोग समानार्थी वाटले तरी त्यांचा रोख एक नाही. ‘बाहेरचा’ या शब्दात केवळ स्थळाचा बोध आहे. ‘परका’ या शब्दात मुख्यत्वे आपपरभाव आहे. ‘परगाव’ या शब्दात या दोहोंबरोबर प्रवासही आला. मराठी माणूस ‘परगावी गेला आहे’ असे सांगतो तेव्हा तो परतणार आहे हेही त्यात गृहीत असते. म्हणून संघाच्या दृष्टीने मैदान ‘परके’ असते, तर त्याच्या मागोमाग जाणाऱ्याच्या दृष्टीने सामना ‘परगावचा’ असतो, असा भेद करणे सोयीचे ठरेल. अशा अनुगाम्यास मराठीने ‘पाठीराखा’ हा अन्वर्थक शब्द दिला आहे. पाठ राखावयाची तर मागे उभे राहावे लागते, आणि संघ चालू लागला की त्याच्यामागून चालावे लागते.

परगावच्या सामन्यास जाणाऱ्याला दोन तिकिटे मिळवावी लागतात : एक प्रवासाचे व दुसरे प्रवेशाचे. दुसऱ्या तिकिटाची व्यवस्था इंग्लंडात फार काटेकोर आहे. तेथील प्रीमियर लीगच्या नियमानुसार पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांसाठी तीन हजार आसने, अथवा मैदान लहान असल्यास एकूण आसनांच्या एक दशांश आसने राखून ठेवावी लागतात. ही तिकिटे यजमान संघ पाहुण्या संघाकडे सुपूर्त करतो व पाहुणा संघ ती आपल्या सभासदांस विकतो. मागणी अधिक असेल तेव्हा ज्याने पूर्वी अधिक सामन्यांस हजेरी लावली त्याचा क्रम आधी लावण्याची पद्धत अनेक संघांत आहे. २०१६–१७ च्या हंगामापासून अशा तिकिटाची किंमत तीस पौंडांहून अधिक असू नये, असेही बंधन आहे. युरोपीय महासंघाच्या क्लब-स्पर्धांत पाहुण्यांसाठी किमान पाच टक्के आसने ठेवावी लागतात. या साऱ्या तरतुदींचे तात्पर्य असे की, परगावहून आलेला पाठीराखा हा खेळाच्या व्यवस्थेचा एक मान्य घटक आहे. त्याला जागा देणे ही यजमानाची मेहेरबानी नसून ते त्याचे कर्तव्य आहे.

बालेवाडीच्या सामन्यात मात्र या तरतुदींचा मुंबईकर पाठीराख्यास काहीच उपयोग नव्हता. सामना ‘घरचा’ असल्याने तो नियमाच्या दृष्टीने पाहुणा नव्हता. त्याचे तिकीट सर्वसामान्य प्रेक्षकाचेच होते. प्रवासाचा भार पाहुण्याचा आणि हक्क स्थानिकाचा, अशी त्याची स्थिती झाली. सामना संपेपर्यंत रात्र झालेली असते व घाट उतरून मुंबई गाठावयाची असते. या स्पर्धेत ६ नोव्हेंबर २०२३ रोजी सौदी अरेबियाचा अल हिलाल हा संघ मुंबईच्या संघाशी खेळण्यास नवी मुंबईत आला, तेव्हा स्थितीस आणखी एक पदर जोडला गेला. ब्राझीलचा विख्यात खेळाडू नेमार हा त्या संघात असल्याने त्याच्या भारतातील आगमनाची मोठी चर्चा झाली होती. परंतु ऑक्टोबरमध्ये गुडघ्यास गंभीर दुखापत झाल्यामुळे तो खेळू शकला नाही. पाहुण्याचे आकर्षण मोठे असले म्हणजे यजमानाच्या मैदानावरही पाहुण्यासाठीच तिकीट काढणारे प्रेक्षक असतात. तो सामनाही मुंबईने ०–२ असा गमावला. गटातील सहाही सामन्यांत त्या संघाच्या पदरी पराभवच आला. तरीही त्याच्यामागून घाट चढणारे लोक होते, ही गोष्ट ‘पाठीराखा’ या शब्दाचा अर्थ समजून घेताना विसरता येणार नाही.

या वाटेचा विचार करताना मावळाचे स्थान ध्यानात घ्यावे लागते. मुंबईची उपनगरी गाडी कर्जत व खोपोली येथे थांबते. पुण्याची लोकल लोणावळ्यास संपते. मध्ये घाट आहे, आणि तेथे लांब पल्ल्याच्या गाडीवाचून गत्यंतर नाही. लोहमार्गाने मुंबईहून लोणावळा १२८ किलोमीटर, तर पुण्याहून ६४ किलोमीटर अंतरावर आहे. लोणावळा, मळवली, कामशेत किंवा वडगाव येथे राहणाऱ्या फुटबॉलप्रेमी माणसाचे ‘घर’ कोणते, हा प्रश्न इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा, म्हणजे २०१४ मध्ये, ठळकपणे उभा राहिला. त्या वर्षी मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांचे संघ रिंगणात होते. १८ ऑक्टोबर २०१४ रोजी नवी मुंबईत झालेल्या त्यांच्या पहिल्या लढतीत मुंबईने पुण्याचा ५–० असा पाडाव केला व आंद्रे मॉरिट्झ याने त्या स्पर्धेतील पहिली ‘हॅट्ट्रिक’ नोंदविली. पुण्याच्या पाठीराख्यास त्या दिवशी घाट उतरावा लागला होता. पुढे २०१९ मध्ये एफ. सी. पुणे सिटी हा संघच बंद झाला व त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. मैदान राहिले, लोकल राहिली, पाठीराखेही राहिले. ज्याची पाठ राखावयाची तो मात्र उरला नाही. चार वर्षांनी त्याच मैदानावर मुंबईचा संघ ‘घरी’ म्हणून आला, तेव्हा पुणेकर प्रेक्षकाने कोणाच्या बाजूने ओरडावे, याचे उत्तर कोणत्याही नियमावलीत नव्हते.

घराची अशी अदलाबदल केवळ फुटबॉलपुरती मर्यादित नाही. मुंबईहून बालेवाडीस जाणारा मनुष्य द्रुतगती महामार्गाने किवळ्यापाशी येतो, तत्पूर्वी त्यास मावळ तालुक्यातील गहुंजे येथील क्रिकेटचे प्रशस्त मैदान दिसते. हे मैदान २०१२ मध्ये खुले झाले. ते तयार नसल्यामुळे पुणे वॉरियर्स या संघाने २०११ मधील आपले ‘घरचे’ सामने नवी मुंबईत खेळले होते. २०१६ मध्ये महाराष्ट्रात तीव्र दुष्काळ पडला असता, एप्रिलअखेरनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला व पुण्याच्या संघाचे घर विशाखापट्टणम येथे गेले. दोन वर्षांनी उलट घडले. कावेरीच्या पाणीवाटपावरून तमिळनाडूत आंदोलन पेटले असता, १० एप्रिल २०१८ रोजी चेन्नईत झालेल्या सामन्यात मैदानावर पादत्राणे भिरकावली गेली, आणि चेन्नई सुपर किंग्ज या संघाचे उरलेले घरचे सामने गहुंज्यास आले. २०१६ मध्ये पुण्याच्या संघाचे नेतृत्व करणारा महेंद्रसिंग धोनी आता चेन्नईचा कर्णधार म्हणून त्याच मैदानावर उतरला.

चेन्नईच्या पाठीराख्यांनी या स्थलांतरास दिलेला प्रतिसाद विशेष नोंदण्याजोगा आहे. सुमारे एक हजार पाठीराख्यांना घेऊन एक विशेष गाडी १९ एप्रिल २०१८ रोजी चेन्नईहून निघाली व दुसऱ्या दिवशी पुण्यास पोहोचली. प्रवास, भोजन, निवास व सामन्याचे तिकीट यांची तजवीज संघाने केली होती. दोन्ही तिकिटे एकाच हाताने दिली गेल्याचे हे विरळा उदाहरण होय. त्या रात्री शेन वॉटसनने १०६ धावा काढल्या व चेन्नईने राजस्थान रॉयल्सवर ६४ धावांनी विजय मिळविला. गाडीस ‘विसल पोडू एक्सप्रेस’ असे नाव दिले होते. ‘विसल पोडू’ ही या संघाच्या पाठीराख्यांची घोषणा आहे. ‘विसल’ हा इंग्रजी शब्द आहे; ‘पोडू’ या तमिळ क्रियापदाचा मूळ अर्थ ‘टाक, घाल’ असा आहे. मराठीतही शीळ ‘घालतात’. दोन भिन्न कुळांतील भाषांनी या कृतीसाठी सारख्याच अर्थाचे क्रियापद योजावे, हा योगायोग मनोरंजक खरा. त्या रात्री गहुंज्यास जमलेल्या मराठी प्रेक्षकास ती घोषणा समजावून सांगण्याची फारशी गरज पडली नसावी.

तथापि या चित्रास दुसरी बाजू आहे. ज्या पाण्याच्या तंट्यामुळे चेन्नईच्या संघास घर सोडावे लागले, त्याच पाण्याचा प्रश्न मावळातही होता. पवना नदीचे पाणी गहुंज्याच्या मैदानास देण्यास मुंबई उच्च न्यायालयाने त्याच एप्रिल महिन्यात मनाई केली. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडकडे नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातील शेतकऱ्यांनी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती महामार्गावर आंदोलन केले होते व पोलिसांच्या गोळीबारात तिघांना प्राण गमवावे लागले होते. ज्या भूमीवर दूरच्या संघांना घर नेमून दिले जाते, तेथे आधीपासून कोणाचे तरी घर असते. यजमान हा शब्द उच्चारताना या खऱ्या यजमानाचे स्मरण राहिले पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. आपले म्हणून मानलेले स्थान आपल्या गावी नसणे ही गोष्ट मावळास नवी नाही. कार्ल्याच्या डोंगरावरील एकवीरा देवी ही किनाऱ्यावरील अनेक कोळी कुटुंबांची कुलदेवता आहे. चैत्रातील यात्रेस मुंबई, ठाणे व रायगडकडील लोक घाट चढून तिच्या दर्शनास येतात. देवी घाटावर, भक्त सागरकाठी. तरी तिला परगावची देवी कोणी म्हणत नाही. मंदिरालगतच्या चैत्यगृहातील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या प्राकृत लेखांत वैजयंतीच्या एका श्रेष्ठीचे नाव आहे, तसेच सोपाऱ्याहून आलेल्या एका भाणकाने एक स्तंभ दान दिल्याची नोंद आहे. आपापल्या गावी असता या दात्यांना नावामागे गाव लावण्याचे कारण पडले नसते. परगावी दान देताना मात्र त्यांनी आपण कोठले हे दगडात कोरून ठेवले. आपल्या शहराचे नाव लिहिलेला पंचा गळ्यात घालून परक्या मैदानाच्या पायऱ्या चढणारा आजचा पाठीराखा याहून फार निराळे काही करीत नाही.

या विवेचनावरून असे म्हणता येईल की, ‘घरचा’ या शब्दाचे दोन अर्थ निरनिराळ्या ठिकाणी निश्चित होतात. नियमातील घर संघटना नेमून देते. त्यामुळेच ते बांधकामासाठी, दुष्काळासाठी वा आंदोलनासाठी हलविता येते. भाषेतील घर मात्र जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या सवयीने ठरते; ते हलविण्याचा अधिकार कोणाही संघटनेस नाही. या दोहोंची फारकत होते तेव्हा तिचा खर्च पाठीराखाच सोसतो, मग तो घाट चढणारा मुंबईकर असो की संघ गमावलेला पुणेकर. सामना जेव्हा दुसऱ्या गावी ‘घरचा’ म्हणून नेमला जातो, तेव्हा मूळ गावाहून येणाऱ्या पाठीराख्यांसाठी काही आसने व रात्रीच्या परतीची सोय राखून ठेवणे, हा या अर्थभेदातून निघणारा एक साधा व व्यवहार्य निष्कर्ष होय.