फासे नसलेली सापशिडी

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात संध्याकाळी मुलांची अभ्यासिका चालते. आम्ही तीनचार नोकरीवाले आळीपाळीने तिथे बसतो. मुलांनी रोज १५ मिनिटे मोठ्याने वाचावे, एवढीच आमची अपेक्षा. उपदेश करून झाला, रागावून झाले. चार दिवस वाचन चाले, पाचव्या दिवशी पुस्तक दप्तरात. शेवटी ठरले, की वाचनाचाच खेळ करावा.

सगळ्यांना येणारा खेळ म्हणून आम्ही सापशिडी घेतली. ज्याने घरी वाचले त्याने पालकांची सही आणावी आणि एकदा फासा टाकावा. एक दिवस चुकला की सोंगटी पहिल्या घरात. जो आधी शंभरी गाठेल त्याला कंपासपेटी. हिशेबाची माणसे आम्ही, नियम अगदी चोख केले होते.

पहिला आक्षेप वस्तीतल्या एका आजोबांनी घेतला. "विहारात फासे? ब्रह्मजाल सुत्तात काय लिहिलं आहे ते वाचा." आम्ही वाचले. भिक्खूंनी कोणत्या खेळांपासून दूर राहावे, त्याची लांब यादीच तिथे आहे. आठ घरांच्या ओळींचा 'अट्ठपद', दहा घरांचा 'दसपद', फासेही आहेत. तो नियम भिक्खूंसाठी आहे, मुलांसाठी नाही, असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. पण आजोबांचे बोट नेमके दुखऱ्या जागेवर होते, हे पुढे कळले.

एक मुलगी रोज न चुकता वाचायची. तिला एक-दोनचेच दान पडे, आणि नव्वदीत पोहोचली की साप गिळे. दुसरा मुलगा कसाबसा वाचायचा, पण षटकारावर षटकार. वाचन एकीकडे, नशीब दुसरीकडे. तसे पाहिले तर सापशिडी हा जुना भारतीय खेळ शिकवण्यासाठीच होता. जुन्या पटांवर शिडीच्या पायाशी सद्गुण आणि सापाच्या तोंडाशी दुर्गुण लिहिलेले असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडला गेला आणि हळूहळू निव्वळ करमणूक झाला. पण जुन्या पटावरही वर जाणे आणि खाली येणे फाशावरच होते. खेळणाऱ्याच्या हातात काही नव्हते.

कंपासपेटीने वेगळाच घोळ केला. सह्या येऊ लागल्या, वाचन होईना. धडा कोणता वाचला म्हटले की मुले आढ्याकडे बघत. अमेरिकेत १९७३ साली मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रे काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधी सांगितले, की चित्र काढाल तर सोनेरी शिक्क्याचे प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे बक्षीस नसताना ती मुले इतरांच्या जवळपास निम्मा वेळच चित्रांकडे वळली. आवडीचे काम मजुरीचे झाले होते.

आणि मग तो मुलगा. एकोणीस दिवस सलग वाचले, विसाव्या दिवशी आलाच नाही. चार दिवसांनी आम्ही घरी गेलो. वडील बाहेरगावी कामाला, आई दवाखान्यात आयाचे काम करते, त्या आठवड्यात रात्रपाळी. आई म्हणाली, "पोराले ताप होता भाऊ. आता सगळं पयल्यापासून, त मनते कायले जाऊ?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्याला सापाने खाल्ले नव्हते, आमच्या नियमाने खाल्ले होते. ज्या घरात पाळ्या आहेत, पाण्याची रांग आहे, आजारपण आहे, त्या घरात एखादा दिवस चुकणारच. असा नियम करणारे आम्ही कोणत्या घरातून आलो हे विसरलो होतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांच्या नव्या सवयी बारा आठवडे तपासल्या. ते निष्कर्ष २०१० साली छापून आले. सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस, तर कुणाला हिशेबाने २५४ दिवस लागतील असे दिसले. मधला आकडा ६६. म्हणजे '२१ दिवसांत सवय' हे खरे धरू नये. महत्त्वाचे हे, की एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही. मोबाइलवर भाषा शिकवणारे खेळही सलग दिवस मोजतात, पण काहींना एखादा दिवस माफ करण्याची सोय ठेवावीच लागली.

आम्ही फासे काढून टाकले. साप काढले, कंपासपेटीही काढली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ६६ चौकोन आखले. वाचले त्या दिवशी चौकोनात खळीने एक चिंचोका चिकटवायचा. चुकलेला चौकोन रिकामा राहील, मागचे चिंचोके कुणी काढणार नाही. नियम एकच : दोन रिकामे चौकोन शेजारी येऊ द्यायचे नाहीत. तक्ता एकट्या मुलाचा नाही, घराचा. मुलगा तापाने पडला तर बहीण वाचेल, आई वाचेल. वेळ ठरलेली : रात्रीच्या जेवणाला बसण्याआधी. आधीच रोज होणाऱ्या गोष्टीला नवी गोष्ट बांधली की वेगळी आठवण करावी लागत नाही.

खर्च म्हणाल तर खळीपुरता. नागपूरकरांना याचे नवल वाटू नये. २००१ साली हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडणारी मुले पाहिली, आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभे राहिले. 'झुंड' सिनेमा २०२२ साली आला तो त्यावरूनच. बादलीला प्रवेश फी नव्हती.

सगळी घरे टिकली असे नाही. बावीस तक्ते वाटले, चौदा भरले. तीन घरांत चिंचोके लहान पोरांनी चघळले. त्या मुलाच्या तक्त्यावर नऊ चौकोन रिकामे आहेत, शेजारी-शेजारी एकही नाही. मधले काही चिंचोके आईचे आहेत. ती सातवीपर्यंत शिकलेली. रात्रपाळीला निघताना पोराच्या पुस्तकातले पान मोठ्याने वाचते आणि तो तिला अडखळलेले शब्द सांगतो.

आजोबांनीही परवा एक तक्ता मागून नेला. त्यांना चष्म्यामुळे बंद पडलेले वाचन पुन्हा सुरू करायचे आहे. फासे नाहीत ना, हे मात्र त्यांनी दोनदा विचारून घेतले.