नवे अ‍ॅप घेतले, जुने काढले का?



ऊस नोंदीसाठी आपल्या कारखान्याने नवे मोबाइल अ‍ॅप सुरू केले असून पुष्कळ सभासदांनी ते घेतलेही आहे. मात्र शेतकी विभागाचे कर्मचारी गावोगाव फिरतात तेव्हा अनेक मोबाइलांवर नवे आणि जुने अशी दोन्ही अ‍ॅप शेजारी शेजारी दिसतात. "नवं आलं म्हणजे जुनं आपोआप गेलं असणार," असा समज आहे. तो बरोबर नाही. जुने का राहते, त्याने काय बिघडते आणि ते कसे काढावे, याची माहिती येथे देत आहोत.

शेतातलेच उदाहरण घ्या. खोडवा मोडून त्याच रानात नव्या जातीची लागण केली, पण जुनी खोडकी वेचून बाहेर काढली नाहीत, तर पाणी मिळताच ती फुटतात. लांबून सगळे रान सारखेच हिरवे दिसते. पण त्या जुन्या बेटांत काणी किंवा गवताळ वाढ असेल, तर रोग नव्या उसात शिरतो. बेणे कितीही निवडक आणले तरी जुनी खोडकी काढण्याचे काम वेगळे करावेच लागते. मोबाइलचेही तसेच आहे.

अँड्रॉइड मोबाइलमध्ये प्रत्येक अ‍ॅपला आतून एक ओळखनाव असते. शेताला गट नंबर असतो, तसेच ते समजा. सुधारित अ‍ॅप त्याच ओळखनावाने आणि बनविणाऱ्याच्या त्याच डिजिटल सहीने आले, तर ते जुन्याच्या जागी बसते. ओळखनाव बदलले की मोबाइल त्याला निराळे अ‍ॅप समजतो आणि जुन्याला हात लावत नाही. आपले नवे अ‍ॅप निराळ्या ओळखनावाने आले आहे, म्हणून जुने जिथल्या तिथे राहिले.

राहिले तर राहू द्या, असे म्हणून चालणार नाही. जुने अ‍ॅप अजून उघडते, माहितीही भरून घेते. पण ती माहिती आता कार्यालयाकडे येत नाही. सभासद मात्र नोंद झाली म्हणून निर्धास्त राहतो. तोडणीची क्रमपाळी लागते ती नोंदीतल्या लागण तारखेवरून. नोंदच पोचली नाही तर चांगला पोसलेला ऊस रानात उभा राहतो, तुरा येतो, पोकळ पडतो आणि वजन घटते. वर्षभराचे पाणी, खत आणि मेहनत अशी हातची जाते.

दुसरा धोका सुरक्षिततेचा. जुन्या आवृत्तीची दुरुस्ती बंद झाली की तिच्यातली भोके उघडीच राहतात. संगणकाच्या जगात याचे मोठे उदाहरण 'जावा'चे आहे. २०१० पासून ओरॅकल या अमेरिकन कंपनीकडे असलेले हे सॉफ्टवेअर ८५ कोटींहून अधिक संगणकांवर होते. सुधारित आवृत्ती घेतली की संगणक सुरक्षित, असे ग्राहकांना सांगितले जाई. प्रत्यक्षात कित्येक वर्षे नवी आवृत्ती फक्त लगतच्या आधीची आवृत्ती काढी. त्याहून जुन्या तशाच राहत, आणि त्यांतल्या दोषांचा फायदा घेऊन चोरांना संगणकात शिरता येई. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने या कंपनीशी तडजोड केली. जुन्या आवृत्त्यांची ग्राहकांना सूचना द्यावी आणि त्या काढण्याची सोय करावी, असे ठरले. एवढ्या मोठ्या कंपनीच्या बाबतीत असे होते, तर आपण आपल्या मोबाइलवर लक्ष ठेवलेलेच बरे.

पण घाईही नको. रेंज नसताना जुन्या अ‍ॅपमध्ये भरलेली नोंद केवळ त्या मोबाइलातच असते. अ‍ॅप काढले की तीही पुसली जाते. म्हणून पुढील क्रम पाळावा.

१) प्रथम नवे अ‍ॅप उघडून सभासद क्रमांक, शेताचा गट नंबर, क्षेत्र, उसाची जात आणि लागण तारीख तपासावी.

२) नंतर जुने अ‍ॅप उघडून त्यातली प्रत्येक नोंद नव्यात आली आहे का, ते ताडून पाहावे. एखादी नसेल तर तिचा स्क्रीनशॉट घ्यावा किंवा ती वहीत उतरवावी, आणि नव्या अ‍ॅपमध्ये भरावी. जमत नसेल तर गट ऑफिसात यावे.

३) सर्व नोंदी जुळल्यावरच जुने अ‍ॅप काढावे. मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅप्स'ची यादी उघडून जुने अ‍ॅप निवडावे व 'अनइन्स्टॉल' दाबावे. दोन्हींची चित्रे सारखी वाटली तर आधी नाव नीट वाचावे.

४) पडद्यावरचे चित्र नुसते बाजूला सारल्याने अ‍ॅप जात नाही, दारावरची पाटी काढली म्हणून घर रिकामे होत नाही. संगणकावरही फोल्डर हाताने पुसू नये. प्रोग्रामच्या यादीतून रीतसर काढावे.

५) जुने अ‍ॅप कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल म्हणून पाठविले तर ते परत घेऊ नये. ओटीपी कोणालाही सांगू नये. मग तो कारखान्याचे नाव सांगो की बँकेचे.

घरातल्या एकाहून अधिक मोबाइलांवर जुने अ‍ॅप असेल तर सर्वांवर हाच क्रम करावा. मुलाच्या मोबाइलवर भरलेली नोंद वडिलांना ठाऊक नसते, असे पुष्कळदा होते. ज्यांना मोबाइल वापरणे अवघड जाते, त्यांनी संकोच करू नये. आमचे शेतकी मदतनीस शेतावर येतात तेव्हा त्यांच्याकडून हे काम समोर बसून करून घ्यावे.

जुने काढण्याआधी आपले त्यातले बाहेर काढावे, आणि आपले बाहेर आल्यावर जुने ठेवू नये. एवढे सांभाळले तर आपल्या उसाची नोंद आपल्या नावावर आणि आपल्या तारखेवर राहील.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग