जिंकेल तो संघ थेट ऑलिंपिकला!

कल्पना करा. मे महिन्याचं ऊन, शाहू स्टेडियम खचाखच भरलेलं. एका बाजूला पाटाकडील तालीम, समोर शिवाजी तरुण मंडळ. फायनल. (दिलबहार म्हणा, खंडोबा म्हणा, बालगोपाल म्हणा, प्रॅक्टिस म्हणा. आपापल्या पेठेप्रमाणं नाव बदलून वाचा, भांडू नका.) आणि माईकवरनं पुकारा होतो, आज जो संघ जिंकेल त्याची पोरं भारताची जर्सी घालून ऑलिंपिकला जाणार. संघाचा कोच हाच देशाचा कोच.

‘काय पण सांगतोय’, असं म्हणाल. पण हे खरंच घडलंय. खेळ फुटबॉल नव्हता, बास्केटबॉल होता. साल १९३६. आणि त्या फायनलमध्ये हरलेला संघ होता कॅन्ससमधल्या मॅकफर्सन नावाच्या, सहा-सात हजार वस्तीच्या गावचा. आपल्याकडं एखाद्या पेठेत याहून जास्त माणसं राहतात.

त्या वर्षी बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदाच पदकाचा खेळ म्हणून आला. खेळ तसा तरुणच होता. १८९१च्या डिसेंबरात स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए प्रशिक्षण संस्थेत जेम्स नायस्मिथ या मास्तरांनी तो काढला. बाहेर बर्फ, आत कंटाळलेली अठरा दांडगी पोरं. त्यांना दमवायला काहीतरी पाहिजे म्हणून पीच फळांच्या दोन टोपल्या उंच ठोकल्या, हाताशी होता तो फुटबॉल घेतला आणि तेरा नियम लिहून काढले. नऊ विरुद्ध नऊ. पहिल्या सामन्याचा स्कोर १-०. पंचेचाळीस वर्षांत हाच खेळ ऑलिंपिकला पोचला, तेव्हा अमेरिकेपुढं प्रश्न पडला, पाठवायचं कुणाला? एनबीए नव्हती, ती दहा वर्षांनी आली. आणि ऑलिंपिकचा नियम कडक. पैसे घेऊन खेळणारा चालणार नाही. खेळाडू हौशीच पाहिजे.

मग त्यांनी सरळ बाद फेरीचे सामने लावले. एप्रिल १९३६, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, आठ संघ. पाच कॉलेजांचे, एक वायएमसीएचा आणि दोन हौशी राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलमध्ये खेळलेले. हे शेवटचे दोन म्हणजे गोष्टीतले खरे नायक. एक हॉलिवूडच्या युनिव्हर्सल पिक्चर्सचा संघ. होय, ‘फ्रँकेन्स्टाइन’ आणि ‘ड्रॅक्युला’ काढणारी तीच कंपनी. दुसरा मॅकफर्सन ग्लोब रिफायनर्स, गावातल्या तेल शुद्धीकरण कारखान्याचा. सिनेमावाले विरुद्ध रॉकेलवाले म्हणा ना.

आता इथं जरा थांबून ‘हौशी’ या शब्दाची गंमत बघायला पाहिजे. खेळायचा पगार घेतला की खेळाडू बाद. पण कारखान्यात नोकरी करायची, तिचा पगार घ्यायचा आणि कारखान्याच्या संघातनं खेळायचं, याला कुणाची हरकत नव्हती. कॉलेज संपलेल्या चांगल्या खेळाडूंना कंपन्या बोलवायच्या, कामावर घ्यायच्या, वर संघाची जर्सी द्यायच्या. कंपनीचं नाव पेपरात यायचं, पोराच्या घरात चूल पेटायची. हौशीपणाच्या नावाखाली ही थोडी चलाखीच होती, हे मान्य. पण माझ्या मते खेळाडूच्या बाजूची चलाखी होती.

मॅकफर्सनचे कोच जीन जॉन्सन. त्यांची पोरं अख्ख्या कोर्टभर समोरच्याला दाबून खेळायची, चेंडू मिळाला की सुसाट पळायची. तेव्हा बास्केटबॉल असा नव्हता. प्रत्येक बास्केटनंतर सगळे परत मध्यभागी यायचे आणि चेंडू उडवून पुन्हा खेळ सुरू व्हायचा. अशा निवांत खेळात हा संघ म्हणजे आपल्याकडच्या भाषेत इस्कोटच. त्यात जो फोर्टनबेरी, उंची सहा फूट आठ इंच. हा गडी उडी मारून चेंडू वरनं रिंगमध्ये खाली घालायचा. न्यूयॉर्कच्या एका पत्रकारानं ते सरावात बघितलं आणि कॉफीत पाव बुडवण्याची उपमा दिली. आपण चहात खारी बुडवतो तसं. आज ज्याला डंक म्हणतात, ते तेव्हा लोकांनी डोळे चोळून बघितलं.

मार्चमध्ये डेन्व्हरला झालेल्या हौशी राष्ट्रीय स्पर्धेत मॅकफर्सननं युनिव्हर्सलला हरवलं होतं. काही आठवड्यांतच न्यूयॉर्कच्या फायनलला पुन्हा तेच दोघं समोरासमोर. एकतर्फी होईल असं वाटणाऱ्यांची जिरली. युनिव्हर्सल ४४, मॅकफर्सन ४३. एका पॉइंटानं! त्या एका पॉइंटामुळं युनिव्हर्सलचे जेम्स नीडल्स देशाचे मुख्य कोच झाले आणि जीन जॉन्सन त्यांचे सहायक. संघात चौदा जण. सात सिनेमावाले, सहा रॉकेलवाले आणि वॉशिंग्टन विद्यापीठाचा एक.

एक संघ मात्र मैदानात उतरलाच नाही. ब्रुकलिनच्या लाँग आयलंड विद्यापीठाचा संघ त्या हंगामात एकही सामना हरला नव्हता. पण संघात ज्यू मुलं होती आणि ऑलिंपिक हिटलरच्या बर्लिनमध्ये. त्यांनी बाद फेरीवरच बहिष्कार टाकला. विशीतल्या पोरांनी आयुष्यातली सगळ्यात मोठी स्पर्धा सोडून दिली. कुठल्याही स्कोरबोर्डवर ते लिहिलेलं नाही.

कॅनडातही तसाच मामला. तिथं मोटारींच्या विंडसर शहराचा फोर्ड व्ही-८ हा संघ व्हिक्टोरियाच्या संघाला हरवून विजेता झाला. मग हरलेल्या व्हिक्टोरियातलेच काही चांगले गडी सोबत घेऊन ते बर्लिनला गेले. हे वाचताना माझ्या डोळ्यापुढं आपल्या दोन कट्टर तालमींची पोरं एकाच बसमध्ये बसलेली आली. पहिल्या तासाला काय झालं असतं, सांगता येत नाही.

पैशाचं काय? अमेरिकेत ऑलिंपिक संघाचा खर्च सरकार उचलत नाही, तेव्हाही उचलत नव्हतं. सगळं वर्गणीवर. खुद्द नायस्मिथ मास्तरांना, म्हणजे ज्यांनी खेळ काढला त्यांना, बर्लिनला पाठवायला पैसे नव्हते. मग बास्केटबॉल कोचच्या संघटनेनं देशभर सामन्यांच्या तिकिटामागं एकेक सेंट बाजूला काढला. त्या चिल्लरीवर म्हातारा बर्लिनला पोचला आणि ७ ऑगस्टला एस्टोनिया-फ्रान्स सामन्याचा पहिला चेंडू त्यांच्या हातनं उडाला.

आता फायनल. १४ ऑगस्ट १९३६, अमेरिका विरुद्ध कॅनडा. जर्मनांनी बास्केटबॉल मोकळ्या आभाळाखाली, टेनिसच्या माती-वाळूच्या कोर्टवर ठेवला होता. त्या दिवशी धो-धो पाऊस. कोर्टाचा चिखल झाला. चेंडू आपटला की तिथंच बसायचा, ड्रिबल करायचा प्रश्नच नाही. प्रेक्षकांना बसायला जागा नव्हती, लोक भिजत उभे. मध्यंतराला स्कोर १५-४. दुसऱ्या अर्ध्यात दोघांचे चार-चार पॉइंट. अमेरिका १९, कॅनडा ८. आज शाळेच्या सामन्यातही याहून जास्त पॉइंट होतात! पावसाळ्यात गांधी मैदानावर खेळलेल्या कुणालाही त्या पोरांची अवस्था वेगळी सांगायला नको.

याच पावसाचा आपल्याशीही संबंध आहे. भारत-जर्मनी हॉकी फायनल त्याच १४ ऑगस्टला होती. पावसामुळं ती दुसऱ्या दिवशी गेली आणि १५ ऑगस्टला ध्यानचंदच्या संघानं जर्मनीला ८-१ असं धुतलं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळीही त्याच बर्लिनमध्ये होती, कबड्डी दाखवायला. म्हणजे एका गावात रॉकेल कारखान्याची पोरं, ध्यानचंद आणि आपले वऱ्हाडी पैलवान. कुठं एकमेकांना दिसले असतील का, कोण जाणे.

ही गोष्ट कोल्हापुरात सांगायचं कारण बास्केटबॉल नाही. आपल्याकडं तो शाळा-कॉलेजच्या कोर्टवरच जास्त. भारतात त्याची राष्ट्रीय स्पर्धा १९३४ पासून आहे, पण ऑलिंपिकला आपला संघ आजवर एकदाच, १९८० ला मॉस्कोला गेला. महाराष्ट्रात या खेळाचं वेड बघायचं तर मुंबईच्या नागपाड्यात. तिथल्या गल्लीत वाढलेल्या अब्बास मुंतसिर यांनी भारताचं कर्णधारपद केलं, १९७० चा अर्जुन पुरस्कार घेतला. एका मोहल्ल्यानं एक खेळ उरावर घेतला की काय होतं, ते नागपाड्यानं दाखवलं. आपण तेच फुटबॉलचं केलंय.

कारण आहे ती तालीम. नाव तालीम, मूळ कुस्तीचं. लाल माती, आखाडा, हनुमान. पुढं त्याच नावानं फुटबॉल संघ उभे राहिले. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन झाली, लीग आली, चषक आले. पेठेतला रिक्षावाला, भाजीवाला, सराफ सगळे वर्गणी देतात, सामन्याला सुट्टी टाकतात. हंगामात बाहेरचे, अगदी परदेशी खेळाडूही आणले जातात. फायनल जिंकली की मिरवणूक, गुलाल, रात्रभर हलगी. नाद खुळा! वर्ल्डकपला ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे अख्ख्या गावभर. अनिकेत जाधव इथलाच, २०१७ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्डकपमध्ये भारताकडनं खेळला.

पण गुलाल धुतल्यावर सोमवारी सकाळी काय? तालमीनं पोराला बूट दिले, जर्सी दिली, डोक्यावर घेतलं. नोकरी कुठं दिली? मॅकफर्सनच्या गड्याला कारखान्यात काम होतं. आपल्या स्ट्रायकरला पंचविशीत गुडघा दुखावला की घरचे म्हणतात, ‘बास झालं आता, कुठंतरी चिकट.’ एकेकाळी देशात कंपन्यांचे संघ होते, बँकांचे होते. महिंद्रा युनायटेडसारखा मुंबईचा मोठा संघसुद्धा २०१०-११ च्या सुमारास बंद झाला. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतली कास्टिंग परदेशात जातात. साखर कारखाने आहेत, दूध संघ आहे. यातल्या प्रत्येकानं हंगामाला दोन पोरं कामावर घेतली, तीही संघाच्या सरावाची वेळ सांभाळून, तर किती खर्च येईल? एका चषकाच्या फ्लेक्सवर जेवढा होतो त्याहून फार नसावा, असा माझा अंदाज. शाहू महाराज पैलवानांच्या खुराकापासून राहण्यापर्यंत सगळं बघायचे. कुस्तीला ते कळलं होतं, फुटबॉलच्या वाट्याला अजून आलेलं नाही.

नोकरीनं काय फरक पडतो ते एकाच ऑलिंपिकमध्ये दिसतं. हेलसिंकी, १९५२. अमेरिकेच्या बास्केटबॉल संघात बॉब कर्लंड होता, सात फुटी. फिलिप्स तेल कंपनीचा माणूस. चार वर्षांपूर्वी, १९४८ लाही फिलिप्सच्याच पाच खेळाडूंनी लंडनचं सुवर्ण आणलं होतं, त्यात तो होता. व्यावसायिक बास्केटबॉलकडं तो गेलाच नाही. कंपनीत काम करत खेळला, हेलसिंकीत दुसरं सुवर्ण घेतलं आणि पुन्हा कंपनीत आपल्या टेबलावर जाऊन बसला. पुढं मोठा अधिकारी झाला.

त्याच हेलसिंकीत २३ जुलैला खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ घेतलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी गावोगाव वर्गणी झाली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या लावल्या, त्या जिंकल्या आणि त्या पैशातनं प्राचार्यांचं घर सोडवलं. पोलिसात फौजदाराची नोकरी लागली ती १९५५ ला. मधली तीन वर्षं पदक घरात आणि खिसा रिकामा.

कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०२४ ला पॅरिसला नेमबाजीचं ब्राँझ घेऊन आला, तेव्हा तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. नोकरी २०१५ ची. म्हणजे पदकाच्या नऊ वर्षं आधीची.