हिस्लॉपच्या कागदांतला लिंगो

सक्करदऱ्याच्या भोसलेकालीन तलावाजवळ राहणाऱ्या आम्हा नागपूरकरांना हिस्लॉप म्हटलं की कॉलेज आठवतं, माणूस नाही. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. धर्मप्रचार, शाळा आणि सोबत दगड-जीवाश्मांचा नाद. ‘हिस्लोपाइट’ हे खनिजाचं नाव त्याच्यावरूनच. १८५४ मध्ये डलहौसीने भोसल्यांचं राज्य खालसा केलं, तेव्हा तो इथेच होता.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून बोरीकडे परतताना पुराच्या नाल्यात तो बुडाला. मागे राहिलेली हस्तलिखितं रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापली. त्यात गोंडांची माहिती, शब्दसंग्रह आणि त्यांचा पुराणपुरुष लिंगो याची लांबलचक गोंडी गाथा आहे!

माझं मन इथेच अडतं. पिढ्यानपिढ्या गाथा जपली गोंडांच्या परंपरागत परधान गायकांनी, पण मुखपृष्ठावर नावं एका मिशनऱ्याची आणि टेंपल या मध्य प्रांताच्या तत्कालीन चीफ कमिशनरची. वर शीर्षकात गोंड वगैरे ‘आदिम जमाती’! हिस्लॉपची चिकाटी मला मान्यच आहे. पण ज्या सत्तेने गोंडांचं जंगल सरकारी केलं, तिच्याच अधिकाऱ्याने त्यांचं गाणं संपादित केलं, हेही वाचताना डोळ्यांआड करता येत नाही.