बावन्न माणसं वागवणारा माणूस

गंभीर माणूस गेला की आपण त्याचं काम मोजतो. हसरा, बोलघेवडा, चारचौघांत रमणारा माणूस गेला की त्याचे किस्से सांगतो, पुन्हा एकदा हसतो आणि उठतो. प्रा. डॉ. लक्ष्मण देशपांडे यांना जाऊन आता दीड दशकाहून अधिक काळ लोटला. २२ फेब्रुवारी २००९ हा तो दिवस. एवढ्या काळात मराठवाड्यानं त्यांची आठवण भरपूर काढली, पण बहुतेक वेळा हसण्यापुरती. मला त्यांचं काम मोजायचं आहे. त्यांची हौस आणि त्यांचं काम ही दोन वेगळी खाती नव्हती, असं माझं ठाम मत आहे.

ठळक गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा त्यांचा एकपात्री प्रयोग, लेखन त्यांचं, दिग्दर्शन त्यांचं, आणि त्यातली बावन्न पात्रंही त्यांचीच. सुमारे तीन तास एकटा माणूस रंगमंचावर. गिनीज बुकात नोंद झाली. महाराष्ट्रातली लहानमोठी गावं झाली, परदेशातल्या मराठी मंडळांनी बोलावलं, कॅसेट निघाल्या. नाटकवाल्यांनी त्यांना ‘वऱ्हाडकार’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव कायमचं चिकटलं. दुसरीकडे ते औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत होते, विभागाचे प्रमुख होते. तालुक्याच्या गावी पेंडॉलमध्ये हशा पिकवणारा आणि वर्गात नाट्यशास्त्र समजावणारा माणूस एकच होता, हे पुष्कळ प्रेक्षकांच्या गावीही नसे.

गोष्ट तशी एका ओळीत सांगण्यासारखी आहे. मराठवाड्यातल्या खेड्यातला मुलगा लंडनला, तिथल्याच मुलीशी लग्न, आणि इकडून सगळा गोतावळा विमानानं निघतो. पण ती कल्पना सुचायला माणूस मुळात हौशी असावा लागतो. दुसऱ्या एखाद्या लेखकाला परदेशात लग्न करणारा मुलगा सुचला असता, तर त्यानं आईबापाचं दुःख लिहिलं असतं, दुरावलेल्या पिढ्या लिहिल्या असत्या. लक्ष्मणरावांना सुचलं ते असं की, एकट्याला कशाला जाऊ द्यायचं, आपण सगळेच जाऊ! १९७०च्या दशकाच्या अखेरीस, ज्या भागात मुंबईला जाऊन आलेल्या माणसाभोवती पारावर कोंडाळं जमत असे, त्या भागातली ही कल्पना.

आम्हा वैजापूरकरांना तिची मजा जरा जास्तच कळते. हे गाव मराठवाड्याच्या उंबरठ्यावर बसलेलं आहे. नाशिककडे जाणारा रस्ता गावातून निघतो, पलीकडे येवला, खाली कोपरगाव, आणि आगगाडीला जायचं तर रोटेगाव स्टेशन. आता समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेला आहे. पण तेव्हाचं वऱ्हाड म्हणजे आधी बैलगाड्या, पुढे ट्रकच्या हौद्यात सतरंज्या टाकून बसलेली बायामाणसं. निघायची वेळ सकाळची आणि निघणं दुपारचं. कुणाचा तरी मामा रुसलेला, कुणाच्या तरी आहेरावरून कुजबुज, एका म्हाताऱ्याची चंची घरी राहिलेली, आणि पोरांना प्रत्येक नाक्यावर खाली उतरायचं. या सगळ्या गोंधळाला एक माणूस असतो. कुणी त्याला नेमलेलं नसतं. तो रुसलेल्याला बाजूला घेतो, पंगतीत वाढप्यांवर ओरडतो, व्याह्यांची थट्टा करतो, बिऱ्हाडात उशिरापर्यंत गप्पा रंगवतो आणि झोपतो सगळ्यांच्या शेवटी. प्रत्येक गावाला असा एक माणूस लागतोच. लक्ष्मणरावांनी तो माणूस रंगमंचावर आणला, आणि त्याच्या मागून त्याचं अख्खं गाव आलं.

बबन्या, काशीनाथ, जानराव ही नावं एका पिढीला नातेवाइकांच्या नावांसारखी झाली. आमच्याकडे घरोघर टेपरेकॉर्डर होते त्या दिवसांत ही कॅसेट पाहुण्यांबरोबर फिरायची. नुसत्या आवाजावरून पात्रं वेगळी ओळखू यायची, हे मला फार मोठं वाटतं. डोळ्यांपुढे नट नाही, हावभाव नाहीत, तरी म्हातारा म्हातारा वाटतो आणि त्याच्याशी बोलणारी बाई बाई वाटते.

तीन तासांना बावन्ननं भागलं, तर एका माणसाच्या वाट्याला साडेतीन मिनिटंसुद्धा येत नाहीत. शिवाय मुख्य पात्रं पुन्हा पुन्हा येणार, म्हणजे बाकीच्यांना काही क्षणच. वेष बदलायला विंगेत जायची सोय नाही. हाताशी एक उपरणं आणि स्वतःचं अंग. ज्यांनी एकपात्री करून पाहिलं आहे, त्यांना यातली अडचण कळेल. दोन माणसं बोलताना नटानं मान कुठं वळवली, यावर समोरचा कुठं उभा आहे ते ठरतं. नजर किती उंचावर ठेवली, यावर तो उंच की बुटका ते ठरतं. एकदा नजर चुकली की सहा फुटांचा गडी पुढच्या वाक्याला चार फुटांचा होतो, आणि प्रेक्षकाच्या मनातलं चित्र मोडतं. गर्दीच्या प्रसंगात तर सात-आठ जणांच्या जागा मनात पक्क्या धरून बोलायचं, प्रत्येकाचा श्वास वेगळा ठेवायचा, आणि हशा आला की त्याच पात्रात थांबून राहायचं. हशा ओसरायच्या आत पुढचं वाक्य टाकलं तर ते वाया जातं, जास्त थांबलं तर प्रयोग सैल पडतो.

हे सरावानं जमतं, हे खरं. पण बावन्न माणसं सरावातून येत नाहीत. ती आधी भेटावी लागतात. कोण बोलण्याआधी घसा खाकरतं, कोण वाक्य अर्धवट सोडून दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतं, कोणती बाई रागावली की आवाज उलट खाली आणते, हे टिपायला माणसांत बसावं लागतं, आणि कंटाळा न येता बसावं लागतं. म्हणून मी म्हणतो की त्यांची हौस हेच त्यांचं काम होतं. पारावर रमलेल्या माणसाला लोक रिकामटेकडा समजतात. या माणसानं पाराचं सोनं केलं.

एकट्यानं अनेकांच्या तोंडून बोलणं ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात नवी नाही. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भारुडं लिहिली, तेव्हा त्यांनी वासुदेव, जोशी, गोंधळी, विंचू चावलेला माणूस, नवऱ्याला कंटाळलेली बाई अशा सगळ्यांच्या तोंडून बोलून घेतलं. भारुड करणारा आजही अंगावर एखादा कपडा टाकतो आणि सोंग उभं करतो. बहुरूपी दारात येतो तो पोलीस होऊन, आणि चार वाक्यांत घरच्यांची फिरकी घेऊन पसा मागतो. कीर्तनकार आख्यान लावताना राजा, राणी, दूत सगळे स्वतःच होतो. आमच्या तालुक्यात शिऊरला संत बहिणाबाईंची समाधी आहे, गोदावरीतल्या सरला बेटाशी गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाची मोठी परंपरा जोडलेली आहे. अशा ठिकाणी एकटा माणूस हजारोंना तासन्‌तास कसा बसवून ठेवतो, हे इथल्या पोरांना शाळेत जाण्याआधी कळलेलं असतं. लक्ष्मणरावांचा एकपात्री प्रयोग या मातीत उगवला, हे नाट्यशास्त्राच्या पुस्तकांनी जरा ठळकपणे सांगायला हवं.

शहरी रंगमंचावरची वाट पु. ल. देशपांड्यांनी घालून दिली होती. १९६१ साली त्यांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्यानं उभी केली आणि एका माणसाच्या जिवावर नाट्यगृह भरतं हे सिद्ध झालं. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी कथाकथनातून गावाकडची माणसं शहरातल्या सभागृहांत नेली. लोकनाट्यात दादू इंदुरीकरांचं ‘गाढवाचं लग्न’ होतं, दादा कोंडक्यांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ पासून गाजत होतं. या सगळ्यांचं ऋण ‘वऱ्हाड’वर आहे. पण चाळ मुंबईची होती, मिरासदार-पाटलांची गावं पश्चिम महाराष्ट्राची. मराठवाड्याची बोली, तिचा हेल, तिच्यातले उर्दूच्या शेजारानं आलेले शब्द, हे नाट्यगृहाच्या मध्यभागी तीन तास उभं राहिलं नव्हतं.

याला कारण इतिहासाचं आहे. लक्ष्मणरावांचा जन्म ५ डिसेंबर १९४३चा. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षण उर्दूतून, मराठी संस्थांवर नजर. १७ सप्टेंबर १९४८ला हा भाग मुक्त झाला तेव्हा ते पाच वर्षांचेही नव्हते. त्यांच्या पिढीला विद्यापीठ मिळालं ते १९५८ साली. पुणे-मुंबईला नाटक पिढ्यान्‌पिढ्या घरात होतं, इथं रंगभूमी जवळपास नव्यानं बांधायची होती. व्यावसायिक नाटकात ग्रामीण बोली बहुधा गड्याच्या किंवा विनोदी नोकराच्या तोंडी यायची, मालकाच्या संवादांच्या मधे तोंडी लावण्यापुरती. ‘वऱ्हाड’मध्ये मालक तीच, नोकर तीच, वरपिता तीच. पुण्याच्या प्रेक्षकानं ती कान देऊन ऐकली आणि तिच्यावर प्रेम केलं. आपल्या बोलण्याची लाज बाळगून शहरात शिकायला जाणाऱ्या मराठवाड्यातल्या मुलांना यानं किती धीर दिला असेल, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

१९७२च्या दुष्काळात सुकडी खाऊन आणि खडी फोडून काढलेले दिवस लोकांच्या अंगात ताजे होते, त्या दशकाच्या शेवटी हा प्रयोग आला. मराठवाड्यावर लिहायचं म्हटलं की दुष्काळ, कर्ज आणि स्थलांतर हेच विषय समोर येतात. ते खरेच आहेत. पण त्याच गावांत थट्टा होती, चहाटळपणा होता, लग्नातली गाणी होती. हालअपेष्टांची नोंद सरकारदरबारीही होते, साहित्यातही होते. हसण्याची नोंद ठेवणारा माणूस क्वचित मिळतो.

‘वऱ्हाड’वर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणं मला पटत नाही. खेडूत माणूस विमानात गोंधळतो, इंग्रजी ऐकून भांबावतो, यावर हसणं म्हणजे त्याच्या अडाणीपणावर हसणं, असं काहीजण म्हणतात. काही जागा आज ऐकताना खटकतातही. बायकांच्या वाट्याला आलेला विनोद तर आजच्या लेखकानं नक्की वेगळा लिहिला असता. पण एक फरक मोठा आहे. ही माणसं गोंधळतात, तरी खाली मान घालत नाहीत. परक्या देशात ती आपल्या रीतीभाती घेऊन थेट शिरतात, आणि जुळवून घ्यायची पाळी लंडनवर येते. गावात प्रयोग झाला की ज्यांच्यावर विनोद, तेच पहिल्या रांगेत बसून हसत. दुरून चेष्टा करणाऱ्याला ही मुभा गाव देत नाही.

औरंगाबादेत त्या काळात नाटकाचं वातावरण तापलेलं होतं. विद्यापीठाच्या विभागात कमलाकर सोनटक्क्यांसारख्यांनी पाया घातला होता, पुढे ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेतून प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी ही मंडळी मुंबईपर्यंत पोचली. लक्ष्मणराव मात्र औरंगाबादेतच राहिले. मुंबईला मुक्काम हलवला असता तर चित्रपट, मालिका यांची रांग लागली असती, असं त्यांच्या चाहत्यांना वाटतं. मला वाटतं, त्यांची माणसं इकडे होती आणि त्यांच्यापासून लांब जाऊन हा प्रयोग ताजा राहिला नसता.

त्यांच्यानंतर माजलगावच्या संदीप पाठक यांनी ‘वऱ्हाड’ उचललं आणि ते नव्या प्रेक्षकांपर्यंत नेलं. बावन्न माणसं दुसऱ्याच्या अंगात इतक्या जिवंतपणे शिरू शकतात, याचा अर्थ ती नुसती नकलाकाराची करामत नव्हती, लिहिलेली माणसं होती. दुसऱ्या नटाकडे जाऊन टिकणारा एकपात्री प्रयोग मराठीत दुर्मीळ आहे.

राहिली एक गोष्ट. असा प्रयोग ज्या गावी जातो, त्या गावाचा एखादा संदर्भ, ओळखीचं नाव, ताज्या घटनेवरचा टोमणा त्यात सहज मिसळतो. छापील संहितेत ते येत नाही. ते फक्त त्या त्या रात्री समोर बसलेल्यांच्या कानात आहे. गणेश मंडळांनी, वाचनालयांनी, महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांनी प्रयोग बोलावले, त्यांच्या वह्यांत तारखा असतील, कुणाकडे फोटो असतील, माळ्यावर घरगुती ध्वनिमुद्रणाच्या कॅसेट असतील. फिती ओलीनं खराब होतात, आणि त्या रात्री जागवलेली माणसं आता सत्तरीपुढे आहेत. वैजापूर, गंगापूर, कन्नड, पैठण या तालुक्यांतल्या वाचनालयांनी यंदाच्या हिवाळ्यात एवढं काम हाती घ्यावं: ज्यांनी ‘वऱ्हाड’ लक्ष्मणरावांच्या तोंडून ऐकलं, त्यांच्याकडे जावं, मोबाईल समोर ठेवावा आणि त्यांना बोलू द्यावं.