दक्षिण कोरिया : खिशातले इंटरनेट

ओळख सेवांची, फरक नावांतला

मोबाइल कंपन्या तीन : एसके टेलिकॉम, केटी, एलजी युप्लस.

• सीडीएमए : एकाच लहरपट्ट्यात प्रत्येकाचे संभाषण वेगळ्या कोडने अलग ठेवणारे तंत्र. कोरियात व्यापारी सेवा १९९६ पासून.

• डीएमबी : हातातल्या फोनवर टीव्ही. सुरुवात २००५, उपग्रहावरून मे महिन्यात, जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून डिसेंबरात. हे प्रक्षेपण आहे, इंटरनेट नव्हे. फोनची अँटेना सिग्नल थेट पकडते, डेटा खर्च होत नाही. पैसे भरून मिळणारी उपग्रह सेवा २०१२ मध्ये बंद.

• वायब्रो : धावत्या बसमध्ये, मेट्रोत लॅपटॉपला इंटरनेट. पट्टा २.३ गिगाहर्ट्झ. जून २००६ ते डिसेंबर २०१८. वायफायशी गल्लत नको : वायफायचा पल्ला घरा-दुकानापुरता, वायब्रोच्या मनोऱ्याचा किलोमीटरांत. २०११ मध्ये एलटीई (४जी) आले आणि वायब्रोचे ग्राहक तिकडे वळले.

• विपी : २००५ पासून फोनमध्ये सक्तीची देशी सॉफ्टवेअर प्रणाली. सक्ती उठली एप्रिल २००९ मध्ये. आयफोन आला त्याच वर्षी नोव्हेंबरात. स्मार्टफोन उशिरा पोहोचण्याचे ही सक्ती मोठे कारण.

• काकाओटॉक : मार्च २०१०. आधी निरोप, पुढे याच कंपनीच्या सेवांत टॅक्सी, नकाशे, पैसे भरणे. १५ ऑक्टोबर २०२२ रोजी पांग्यो येथील डेटा सेंटरला आग लागली आणि ही सारी कामे देशभर अडली.

• ५जी : ३ एप्रिल २०१९, रात्री ११. तिन्ही कंपन्यांची सेवा एकाच वेळी सुरू, अमेरिकेच्या काही तास आधी.