विंचू, मण्यार आणि हालचालीची वाट

खेळणा आणि पूर्णा या नद्यांच्या संगमावर जाफराबाद वसले आहे. इथल्या शिवारात पऱ्हाट्यांचा ढीग उचलताना बोटात विंचवाची नांगी घुसली, तर माणूस आधी हात झटकन मागे घेतो आणि 'आई गं' नंतर म्हणतो. हा क्रम कधी उलटा होत नाही, कारण हात ओढण्याचा हुकूम मेंदूने दिलेलाच नसतो.

बोटाच्या कातडीतून निघालेला निरोप संवेदी चेतातंतूवरून मानेच्या भागातल्या मेरुरज्जूत शिरतो. तिथेच मधल्या चेतापेशी तो प्रेरक चेतापेशींना देतात आणि दंडाचा स्नायू आखडतो. त्याच क्षणी कोपर सरळ करणाऱ्या स्नायूला सैल पडण्याचा आदेशही जातो. दोघांनी एकदम ओढले असते तर हात जागचा हलला नसता. एकाला चालना आणि त्याच्या विरोधकाला लगाम, ही जोडव्यवस्था इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी उलगडली. चेतापेशींच्या कार्यावरच्या संशोधनासाठी त्यांना 1932 साली एडगर एड्रियन यांच्यासोबत नोबेल मिळाले. अनवाणी पायात बाभळीचा काटा घुसला की तो पाय वर उचलला जातो आणि दुसरा आपोआप ताठ होऊन अंगाचा भार पेलतो, हेही मेरुरज्जूचेच काम.

दुखणे जाणवायला उशीर का होतो? सगळे चेतातंतू सारख्या वेगाचे नसतात. स्नायूंना हुकूम नेणारे जाड तंतू सेकंदाला 100 मीटरच्या आसपास धावतात. तीक्ष्ण कळ आणणारे तंतू 5 ते 30 मीटर आणि रेंगाळणारा ठणका आणणारे बारीक तंतू जेमतेम एखादा मीटर. म्हणून आधी हात हलतो, मग कळ येते आणि त्यामागून ठणका.

या तातडीच्या यंत्रणेवर मेंदूचा वचक मात्र असतो. तव्यावरची भाकरी उघड्या हाताने उलटणारी बाई चटका बसूनही भाकरी सोडत नाही. मेंदूतून खाली येणारे आदेश तिच्या मेरुरज्जूतली हात ओढण्याची प्रतिक्षिप्त क्रिया दाबून धरतात. बोंडातला कापूस वेचताना टोकदार पाकळ्या बोचत असतात, तरी तिची बोटे आपले काम सोडत नाहीत. अशी ऐच्छिक हालचाल मेंदूच्या वरच्या थरातल्या प्रेरक पट्ट्यातून निघते. या पट्ट्यात हाताच्या पंजाने आणि बोटांनी भलीमोठी जागा अडवली आहे. पाठ किंवा मांडीच्या वाट्याला त्या मानाने थोडी आली आहे. हालचाल किती लांब, किती जोरात, कुठे थांबायची हे अनुमस्तिष्क दुरुस्त करत राहते.

मेंदूतून निघालेले बहुतेक तंतू मेंदूच्या बुडाशी बाजू बदलतात. त्यामुळे डाव्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली की लुळेपण उजव्या अंगाला येते. अशा लकव्यात सुरुवातीला अंग सैल पडते, पण काही दिवसांनी ते बहुधा ताठरते आणि गुडघ्यावर हातोडी मारली की पाय नेहमीपेक्षा जोराने उडतो. नातेवाइकांना ती सुधारणा वाटते. वास्तविक वरचा लगाम तुटला म्हणून खालची प्रतिक्षिप्त क्रिया मोकाट झालेली असते.

हालचाल मनाने केलेली असो वा आपोआप झालेली, शेवटचा टप्पा एकच: चेतातंतूचे टोक आणि स्नायू यांच्यातली सूक्ष्म फट. टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते, स्नायूवरच्या ग्राहकांना चिकटते आणि स्नायू आखडतो. लगेच एक विकर ते रसायन तोडून टाकते आणि स्नायू पुढच्या हुकमाला मोकळा होतो. आपल्या शेतातली विषे नेमकी या वाटेवर बसतात, आणि ती कळली की वाटही कळते.

विंचवाच्या विषामुळे चेतातंतूंवरची सोडियमची दारे वेळेवर मिटत नाहीत. तंतू पुन्हापुन्हा पेटत राहतो. लाल विंचवाच्या दंशात याचा सर्वांत घातक परिणाम हृदय आणि रक्तवाहिन्या सांभाळणाऱ्या, आपल्या इच्छेबाहेरच्या चेतांवर होतो. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब आणि शेवटी फुप्फुसात पाणी. या रोग्यांना वाचवण्याची वाट दाखवणारे डॉक्टर आपल्याच जालना जिल्ह्यातले, देहेड गावचे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यात महाड परिसरात नोकरी करताना एकेका रोग्याच्या उशाशी बसून लक्षणांची नोंद केली आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरून पाहिले. 1986 साली ते निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. गंभीर रोग्यांतले मृत्यूचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 1 टक्क्यापर्यंत उतरले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मोठी प्रयोगशाळा हाताशी नसताना, खेड्यातल्या दवाखान्यात झालेले हे काम मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेत शिकवले जावे, असे मला मनापासून वाटते.

मण्यार वेगळ्या ठिकाणी घात करते. तिचे विष चेतातंतूंची टोकेच निकामी करते, त्यामुळे रसायन सुटतच नाही. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते; दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, घोट गिळवत नाही, मान धरवत नाही आणि मग श्वासाचे स्नायू थकतात. माणूस तेव्हा ऐकत असतो, त्याला समजतही असते. फक्त बोट हलवता येत नाही. व्हेंटिलेटरवर श्वास चालू ठेवला तर टोके पुन्हा वाढतात आणि माणूस चालत घरी जातो. नागाचे विष पलीकडच्या बाजूला, स्नायूवरच्या ग्राहकांवर ठाण मांडते.

कपाशीवर फवारली जाणारी ऑर्गेनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके चौथी जागा पकडतात. ती रसायन तोडणाऱ्या विकरालाच बांधून टाकतात. ॲसिटिलकोलीन साचते, तोंडाला फेस, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंची फडफड आणि शेवटी तेच स्नायू लुळे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांपैकी कित्येकांच्या हातात साधे हातमोजेही नव्हते. पोटासाठी फवारा पाठीवर घेणाऱ्याला मास्क आणि मोजे देणे ही शेतमालकाची जबाबदारी आहे, मजुराची हौस नव्हे.

म्हणून जाफराबाद, टेंभुर्णी, माहोरा या गावांतल्या वाचकांना कळकळीची विनंती: दंश झाला की जागा कापू नका, दोरी आवळू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. रोग्याला चालवू नका, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. फवारणीत भोवळ आली तर कपडे उतरवून अंग साबणपाण्याने धुवा आणि औषधाची बाटली बरोबर घ्या. ताबडतोब 108 ला फोन करा. पापणी जड झाली किंवा आवाज घोगरा झाला, तर श्वासाचे स्नायू पुढच्या ओळीत आहेत हे ध्यानात ठेवा आणि व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयातच रोग्याला न्या.